झडपेचा आजार घराण्यात असेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट पिशवीत घालता घालता रुग्णाचा मुलगा किंवा मुलगी हळूच विचारते, "डॉक्टर, हे आम्हालाही होणार का?" खालचे बहुतेक प्रश्न याच एका प्रश्नाला फुटलेले फाटे आहेत. उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. तुमच्या बाबतीतला निर्णय तुमचे रिपोर्ट पाहणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा.

प्रश्न: हृदयाच्या झडपेचा आजार आनुवंशिक असतो का?

काही प्रकार निश्चितपणे आनुवंशिक असतात, काहींत आनुवंशिकतेचा वाटा असतो पण तो एकटा पुरेसा नसतो, आणि काहींत वय किंवा जंतुसंसर्ग हेच मुख्य कारण असते. हृदयाच्या चार झडपा रक्त एकाच दिशेने जाऊ देतात. त्या दोन तऱ्हांनी बिघडतात: नीट उघडत नाहीत, म्हणजे अरुंद होतात, किंवा नीट मिटत नाहीत, म्हणजे गळू लागतात. जनुकांचा परिणाम यांपैकी कोणत्याही मार्गाने दिसू शकतो. गर्भातच झडपेची घडण चुकते, किंवा झडप जन्मतः ठीक असूनही तिचा ऊतक कच्चा असतो, किंवा तिच्यावर पुढे कॅल्शियम साचण्याची प्रवृत्ती रक्तातूनच आलेली असते.

म्हणून "आनुवंशिक आहे का?" या प्रश्नाआधी "कोणती झडप, कोणता बिघाड आणि कितव्या वर्षी?" हे विचारावे लागते. पंच्याऐंशीव्या वर्षी आजीची झडप कडक झाली आणि पस्तिसाव्या वर्षी काकांची झडप बदलावी लागली, या दोन गोष्टींचे घरच्यांच्या दृष्टीने वजन सारखे नाही.

प्रश्न: "दोन पाकळ्यांची झडप" म्हणजे काय? ती कुटुंबात किती जणांत आढळते?

हृदयातून सर्व शरीराला रक्त नेणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी जी झडप असते, तिला एरवी तीन पाकळ्या असतात. शंभरात एक ते दोन माणसांत त्या जागी दोनच पाकळ्या असतात. पुरुषांत हे प्रमाण स्त्रियांपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त आहे. (पाठ्यपुस्तकात "द्विदल झडप" हे नाव मायट्रल झडपेला, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला, दिलेले आहे आणि तिला दोन पाकळ्या असणे अगदी नैसर्गिक आहे. रिपोर्टचे भाषांतर करताना हा घोटाळा नेहमी होतो. आपण बोलत आहोत ती महाधमनीची झडप.)

इकोच्या पडद्यावर हा फरक सहज दिसतो. तीन पाकळ्यांची झडप मिटली की मर्सिडीज गाडीच्या चिन्हासारख्या तीन रेघा दिसतात. दोन पाकळ्यांची झडप उघडताना मात्र मासळीने तोंड उघडावे तशी लांबट फट पडते. या दोन पाकळ्यांवर रक्ताचा मारा असमान होतो, त्या लवकर जाड होतात आणि त्यांच्यावर कॅल्शियम साचते. शस्त्रक्रियेत काढलेली अशी झडप पाहिली तर पाकळीऐवजी चुन्याचा खडा हाती लागल्यासारखे वाटते; चिमट्याने टोचले तर टकटक असा आवाज येतो. तीन पाकळ्यांच्या झडपेवर जी अवस्था सत्तरीनंतर येते, ती येथे अनेकदा पन्नाशी-साठीतच येते.

ज्याला अशी झडप आहे त्याच्या आईवडील, भावंडे आणि मुलांपैकी साधारण दहातल्या एकाला ती असते. याचा अर्थ नऊ जणांना नसते, हेही तितकेच लक्षात ठेवावे. २००५ मध्ये काही कुटुंबांत नॉच-१ या जनुकातील दोष महाधमनी झडपेच्या आजाराशी जोडला गेला, आणि पुढे गाटा-५, स्मॅड-६, रोबो-४ अशी आणखी नावे पुढे आली. पण ही सर्व जनुके मिळूनही थोड्याच कुटुंबांतील आजाराचे कारण सांगता येते. बहुतेक कुटुंबांत अनेक जनुकांचा लहान लहान वाटा असावा असे दिसते. शिवाय बदललेले जनुक असूनही झडप नीट असणारी माणसे त्याच घरात आढळतात. टर्नर सिंड्रोम असलेल्या, म्हणजे एक एक्स गुणसूत्र नसलेल्या किंवा अपुरे असलेल्या मुलींमध्ये मात्र दोन पाकळ्यांची झडप बरीच जास्त आढळते, आणि त्यांची हृदयतपासणी निदान होताच झाली पाहिजे.

प्रश्न: झडप दोन पाकळ्यांची आहे पण काहीच त्रास नाही. मग काळजी कशाची?

दोन गोष्टींची. एक म्हणजे झडप हळूहळू अरुंद होणे किंवा गळणे. दुसरी, जी रिपोर्टमध्ये असूनही अनेकदा नजरेतून सुटते, ती म्हणजे महाधमनीचा फुगवटा. अशा झडपेबरोबर महाधमनीची भिंतही अनेकांत कच्ची असते आणि ती रुंद होत जाते. रुंदी ४ सेंटिमीटरच्या पुढे गेली की ठराविक काळाने मोजत राहावे लागते, आणि ५.५ सेंटिमीटरला पोहोचली की त्रास नसला तरी शस्त्रक्रियेचा विचार होतो. घरात महाधमनी फाटून कोणाचा मृत्यू झाला असेल, तर त्याहून आधीच, ५ सेंटिमीटरच्या आसपास.

फुगवटा असलेल्यांनी रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवावा, श्वास रोखून जड वजने उचलू नयेत, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविके दुसरा पर्याय असेल तर टाळावीत. या औषधांबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये इशारा दिलेला आहे. आपल्याकडे ही औषधे जुलाब आणि लघवीच्या जळजळीसाठी दुकानातून सर्रास मागून घेतली जातात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

प्रश्न: मार्फान सिंड्रोममध्ये झडप का बिघडते?

शरीरातील लवचीक तंतूंना आधार देणारे फायब्रिलिन हे प्रथिन ज्या जनुकावरून तयार होते, ते पंधराव्या गुणसूत्रावर असते. मार्फानमध्ये त्यात दोष असतो, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. साधारण पाच हजारांत एकाला हा आजार असतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. मात्र चारांतल्या एका रुग्णात तो घराण्यात प्रथमच उद्भवलेला असतो, त्यामुळे "आमच्यात कोणालाच नाही" एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही.

अशी मुले उंच, सडपातळ, लांब हातापायांची असतात. डोळ्यातील भिंग सरकलेले असू शकते. एक साधी खूण घरीही पाहता येते: अंगठा तळहातावर आडवा ठेवून मूठ वळली, तर अंगठ्याचे नख करंगळीच्या बाजूने बाहेर डोकावते. एवढ्यावरून निदान होत नाही, पण तपासणीला जाण्याचे कारण मात्र मिळते. महाधमनीचे मूळ फुगल्यामुळे महाधमनीची झडप गळते, आणि मायट्रल झडप सैल होऊन उलटी फुगते. लोईस-डिट्झसारख्या जवळच्या विकारांत महाधमनी याहून कमी रुंदीवरही फाटू शकते. म्हणून येथे जनुक नक्की कोणते हे कळणे उपयोगाचे असते. शस्त्रक्रियेची वेळ त्यावर ठरते.

प्रश्न: आईला मायट्रल झडपेचा "प्रोलॅप्स" आहे. मलाही होईल का?

प्रोलॅप्स म्हणजे झडप सैल होऊन मिटताना उलटी फुगणे. शंभरात दोन-तीन जणांना तो असतो आणि बहुतेकांचे आयुष्य त्याने अडत नाही. काही कुटुंबांत तो पिढ्यानपिढ्या दिसतो. एक्स गुणसूत्रावरील फिलामिन-ए जनुकातील दोष पुरुषांमध्ये अधिक तीव्र आजार घडवतो, आणि डीसीएचएस-१ या जनुकाचा संबंध २०१५ मध्ये उघड झाला. आईचा प्रोलॅप्स किरकोळ असेल आणि तुम्हाला धाप, धडधड, चक्कर यांपैकी काही नसेल, तर एकदा स्टेथोस्कोपने तपासून घेणे आणि आवाज ऐकू आला तर इको करणे एवढे पुरते. घरात तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल तर मात्र थांबू नये.

प्रश्न: आमच्याकडे आत्या आणि चुलत भाऊ दोघांनाही लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन झडप खराब झाली. हेही रक्तातूनच आले का?

येथे मूळ कारण घशातील स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचा संसर्ग आहे. त्या जिवाणूविरुद्ध शरीराने उभी केलेली फौज चुकून स्वतःच्याच झडपांवर चालून जाते, त्याला रुमॅटिक ताप म्हणतात. पण घसा शेकडो मुलांचा दुखतो आणि झडप थोड्यांचीच बिघडते, यात आनुवंशिकतेचा वाटा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०११ मध्ये झाले, त्यात एकाला हा ताप आला असता एकसारख्या जुळ्यांपैकी दुसऱ्याला तो येण्याचे प्रमाण ४४ टक्के आणि भिन्न जुळ्यांत १२ टक्के आढळले.

तरीही मला हा आजार "घराण्याचा" म्हणवत नाही, कारण तो टाळता येतो. दाटीवाटीची घरे, उपचाराविना राहिलेला घसा आणि मध्येच सोडलेली इंजेक्शने यांचा हात त्यात मोठा आहे. ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिन द्यावे लागते आणि ते अनेक वर्षे चालू ठेवावे लागते. युगांडात इकोवर सुरुवातीचा आजार दिसलेल्या मुलांवर झालेल्या चाचणीत, दोन वर्षांत आजार वाढलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन घेणाऱ्यांत ०.८ टक्के, तर न घेणाऱ्यांत ८.२ टक्के निघाले. पोरगे हिंडते-फिरते झाले म्हणून इंजेक्शन बंद करणारे पालक आजही भेटतात. ते मूल पुढे विशीत धापा टाकत येते.

प्रश्न: म्हातारपणी झडपेवर कॅल्शियम साचते. त्यातही जनुके आहेत का? आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद कराव्यात का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी: दुधातले कॅल्शियम झडपेवर जाऊन बसते असे नाही, त्यामुळे दूध तोडण्याचे कारण नाही, गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्या असतील तरच घ्याव्यात.

पहिल्याचे उत्तर होय असे आहे. रक्तात लायपोप्रोटीन-ए नावाचा एक कण असतो. त्याची पातळी बहुतांशी जनुकांवरून ठरते, आहार-व्यायामाने ती फारशी हलत नाही. ती जास्त असणाऱ्यांत महाधमनी झडप कडक होण्याचा धोका वाढतो, हे २०१३ च्या जनुकीय अभ्यासातून ठळकपणे पुढे आले. दक्षिण आशियाई लोकांत ही पातळी युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा सरासरीने जास्त असते. घरात कमी वयात हृदयविकार किंवा झडप अरुंद होणे असेल, तर आयुष्यात एकदा ही रक्तचाचणी करून घ्यावी. ही पातळी कमी करणारी, आरएनएवर काम करणारी इंजेक्शने चाचण्यांत आहेत. झडपेसाठी ती आज उपलब्ध नाहीत.

प्रश्न: मग जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

सरसकट नको. पुढील परिस्थितीत ती खरोखर कामाची असते: मार्फानसारखी शारीरिक लक्षणे, पन्नाशीच्या आत महाधमनीचा फुगवटा किंवा फाटणे, घरात एकाहून अधिक जणांना तसाच आजार, किंवा झडपेच्या दोषाबरोबर बाळाची वाढ, चेहरेपट्टी वा शिकण्यात वेगळेपण. नूनन सिंड्रोममध्ये, उदाहरणार्थ, फुप्फुस धमनीची झडप अनेकदा अरुंद असते. नुसती दोन पाकळ्यांची झडप आहे आणि बाकी काही नाही, अशा माणसाने हजारो रुपये खर्चून चाचणी केली तर बहुधा कोरा रिपोर्ट हाती येतो. ते पैसे भावंडांच्या इकोवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

चाचणी करायचीच तर ती आधी आजारी व्यक्तीची करावी, निरोगी मुलाची नव्हे. रुग्णात दोष सापडला तरच नातेवाइकांत नेमके काय शोधायचे हे कळते. रिपोर्ट तीन प्रकारचा येऊ शकतो: दोष सापडला, दोष सापडला नाही, किंवा "बदल आहे पण त्याचा अर्थ निश्चित नाही". या तिसऱ्या प्रकाराने घरे हवालदिल होतात. अशा बदलावरून कोणतीही शस्त्रक्रिया ठरवू नये आणि कोणाचे लग्नही मोडू नये. रक्त देण्यापूर्वी जनुकीय समुपदेशकाशी एकदा बसून बोलावे.

त्या भेटीला जाताना तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर मांडून न्यावी, आणि ती मांडताना घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला जवळ बसवावे. "आजोबा दम्याने गेले" असे सगळे सांगतात. पण रात्री उशाला तीन उशा लागायच्या, पाय सुजायचे आणि बांधापर्यंत चालतानाही थांबायचे, हे आजीलाच आठवते. तो दमा नसावा, झडप असावी.

प्रश्न: आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न होते. त्याने झडपेचा धोका वाढतो का?

मार्फानसाठी, आणि एकाच जनुकातील दोषाने आलेल्या दोन पाकळ्यांच्या झडपेसाठी, एकाच बाजूने आलेले सदोष जनुक पुरते, त्यामुळे तेथे नात्यातल्या लग्नाने फारसा फरक पडत नाही. दोन्हीकडून सदोष जनुक आल्यावरच होणाऱ्या आजारांत मात्र पडतो. म्युकोपॉलिसॅकरिडोसिसच्या (शर्करेच्या लांब साखळ्या न मोडता शरीरात साचत जाण्याच्या आजाराच्या) बहुतेक प्रकारांत झडपा जाड होतात आणि ते याच गटातले आहेत. घरात असे मूल असेल तर पुढचे लग्न किंवा पुढचे बाळंतपण ठरवण्यापूर्वी सल्ला घ्यावा.

प्रश्न: औषधाने किंवा जनुकोपचाराने झडप पूर्ववत होते का?

नाही. झडपेसाठी जनुकोपचार आज कोणत्याही रुग्णालयात मिळत नाही. तसा दावा कोणी करत असेल तर पैसे देऊ नयेत. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी झडपेचे आकुंचन थांबेल अशी मोठी आशा होती, परंतु २००५, २००८ आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन चाचण्यांत ती फोल ठरली. मार्फानमध्ये औषधांचा उपयोग आहे: बीटा-ब्लॉकर किंवा लोसार्टनच्या गटातील औषधांनी महाधमनीचा फुगवटा वाढण्याचा वेग कमी होतो, आणि २०२२ च्या एकत्रित विश्लेषणानुसार दोन्ही गटांची औषधे एकत्र देण्यातही अर्थ आहे. बाकी औषधे धाप, सूज, ठोक्यांची अनियमितता यांवर काम करतात. अडलेले दार त्यांनी उघडत नाही.

प्रश्न: शस्त्रक्रिया केव्हा आणि कोणती?

महाधमनीच्या झडपेचे तोंड एरवी ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असते. ते १ च्या खाली गेले की आकुंचन तीव्र समजतात. त्याबरोबर जिना चढताना धाप, छातीत आवळणे किंवा चालता चालता डोळ्यांपुढे अंधारी येणे सुरू झाले, तर पुढे ढकलण्यात धोका आहे. गळक्या मायट्रल झडपेत हृदयाचे पंपिंग ६० टक्क्यांवर आले किंवा त्याखाली गेले की त्रास नसला तरी शस्त्रक्रिया सुचवतात. "६० म्हणजे चांगलेच की" असे रुग्णाला वाटते, पण गळक्या झडपेमुळे तो आकडा फुगलेला असतो.

मायट्रल झडप शक्यतो दुरुस्त करावी, बदलू नये. रुमॅटिक आजाराने अरुंद झालेली मायट्रल झडप आणि जन्मतः अरुंद असलेली फुप्फुस धमनीची झडप अनेकदा फुग्याने उघडता येते. मार्फानमध्ये झडपेच्या पाकळ्या चांगल्या असतील, तर त्या तशाच ठेवून महाधमनीचे मूळ तेवढे बदलता येते.

झडप बदलायचीच असेल तर धातूची की प्राण्याच्या ऊतकाची, हा खरा पेच असतो. धातूची झडप झिजत नाही, पण जन्मभर रक्त पातळ ठेवणारी वॉरफरीन किंवा ॲसिट्रोमची गोळी आणि रक्त कितपत पातळ आहे हे पाहणारी आयएनआरची तपासणी मागे लागते. पालेभाज्यांनी या गोळीचा परिणाम कमी होतो, तरी मेथी-पालक खाणे वर्ज्य नाही, फक्त एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असे होऊ नये. रात्री घर शांत झाले की त्या झडपेची टिकटिक शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येते, हे आधी सांगितलेले बरे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत विकसित झालेली चित्रा झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवली गेली, आणि भारतात स्वस्तातला पर्याय तिच्यामुळे उभा राहिला. ऊतकाची झडप साधारण दहा-पंधरा वर्षे टिकते, तरुणांत त्याहून कमी. म्हणून ढोबळमानाने पन्नाशीच्या आत धातूची आणि पासष्टीनंतर ऊतकाची असे ठरते. मधल्या वयात रुग्णाची राहणी पाहावी लागते. जेथे आयएनआर तपासायला पन्नास किलोमीटर जावे लागते, तेथे वयाचा नियम अपुरा पडतो.

१९६७ मध्ये डोनाल्ड रॉस यांनी रुग्णाचीच फुप्फुस धमनीची झडप महाधमनीत बसवली. मुलांसाठी ती पद्धत आकर्षक आहे, पण फार अनुभवी हात हवेत. मार्फानसारख्या विकारांत ती टाळतात.

प्रश्न: छाती न उघडता झडप बसवता येते म्हणतात. दोन पाकळ्यांच्या झडपेत ते चालते का?

ही टावी पद्धत. फ्रान्समधील रूआं येथे ॲलन क्रिबिए यांनी २००२ मध्ये ती प्रथम केली. जांघेतल्या धमनीतून नवी झडप नेतात आणि जुनीच्या आत उघडतात. वयस्कर आणि शस्त्रक्रियेचा धोका अधिक असलेल्यांना तिने मोठा दिलासा दिला आहे. दोन पाकळ्यांच्या झडपेत मात्र तोंड लंबवर्तुळाकार असते, कॅल्शियम असमान असते आणि महाधमनीही फुगलेली असू शकते. तो फुगवटा टावीने बरा होत नाही. निवडक रुग्णांत, सीटी स्कॅन बारकाईने पाहून, ती केली जाते.

प्रश्न: गरोदरपणाचे काय?

दिवस राहण्यापूर्वी इको व्हावा, नंतर नव्हे. मार्फानमध्ये महाधमनी ४.५ सेंटिमीटरहून रुंद असेल तर आधी शस्त्रक्रियेचा विचार करतात. धातूची झडप असलेल्या स्त्रीने पाळी चुकताच डॉक्टरांना गाठावे, कारण वॉरफरीन पहिल्या तिमाहीत गर्भाला घातक ठरू शकते आणि स्वतःहून गोळी बंद केली तर झडपेवर गुठळी होऊ शकते. बाळाच्या हृदयाचा इको साधारण १८ ते २२ आठवड्यांत होतो. गर्भाच्या जनुकीय चाचण्या गर्भलिंगनिदानाला बंदी करणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली नोंदणी झालेल्या केंद्रातच होतात. तेथे लिंग सांगितले जात नाही आणि विचारूही नये.

प्रश्न: दातांचा आणि झडपेचा काय संबंध?

किडलेल्या दातांतून आणि सुजलेल्या हिरड्यांतून जंतू रक्तात शिरतात आणि सदोष झडपेवर घर करतात. कृत्रिम झडप असलेल्यांनी दात काढण्यापूर्वी प्रतिजैविकाचा डोस घ्यावा. मिश्री लावण्याची सवय असेल तर ती सोडावी.

प्रश्न: खर्च झेपणारा नाही. कुठे जावे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे, आणि मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून शाळा-अंगणवाडीच्या तपासणीनंतर पुढे पाठवण्याची सोय आहे. दाखल होण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे.

प्रश्न: भावंडे वेगवेगळ्या शहरांत आहेत. त्यांना न घाबरवता काय कळवू?

फोनवर सांगितलेले निम्मे विसरले जाते, म्हणून लेखी पाठवावे आणि सोबत इकोच्या रिपोर्टचा फोटो जोडावा. मजकूर असा पुरेल: "दादा, माझ्या महाधमनीच्या झडपेला जन्मतः दोनच पाकळ्या आहेत असे निघाले. हे भावंडांत आणि मुलांत असू शकते, म्हणून तू आणि दोन्ही मुलांनी एकदा टू-डी इको करून घ्या. डॉक्टरांना झडपेच्या पाकळ्या मोजायला आणि महाधमनीची रुंदी लिहायला सांग. घाई नाही, पण दिवाळीच्या आत करा, आणि आईला मी सांगतो, तू सांगू नकोस."